सायकलिंग शॉर्ट्सची निवड : अंगाला सुखाची, चारचौघांत नेटकी

पहाटे गंगापूर रस्त्याने सोमेश्वरकडे आणि त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीच्या दिशेने जाणारे सायकलस्वारांचे गट नाशिकला आता नवे राहिलेले नाहीत. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ साली सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही स्पर्धा दोघांच्या संघाने पूर्ण केली, पंढरपूरपर्यंतची सायकल वारीही याच शहरातून निघते; त्यामुळे अंगाला चिकटून बसणारी काळी शॉर्ट्स घातलेला माणूस रस्त्यात दिसला, तर सहसा कोणी थांबून पाहत नाही. तरीही तीच शॉर्ट्स स्वतः घालून सोसायटीच्या फाटकाबाहेर पडण्याची वेळ आली की नव्याने सायकल घेतलेली अनेक माणसे, विशेषतः स्त्रिया आणि पन्नाशीपुढचे गृहस्थ, संकोचतात. मग ती साधी सुती पँट किंवा जीन्स घालून वीस-पंचवीस किलोमीटर जाऊन येतात, जांघा आणि बैठकीची जागा घासून निघते, दोन दिवस धड बसता येत नाही, आणि महिन्याभरात सायकल जिन्याखाली उभी राहते. धाप लागते म्हणून सायकल सोडणारे थोडे. बसण्याच्या त्रासाने सोडणारे माझ्या पाहण्यात त्याहून पुष्कळ जास्त आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा. सोय हवी असेल तर लाज सोडावी लागते आणि लाज राखायची असेल तर त्रास सोसावा लागतो, असे मानून बहुतेक जण मधला मार्ग म्हणून एक माप मोठी शॉर्ट्स घेतात. हा मार्ग दोन्हीकडून नुकसानीचा आहे. मोठ्या मापाच्या शॉर्ट्समध्ये बैठकीच्या जागी आतून शिवलेले फोमचे पॅड जागच्या जागी राहत नाही, कापडाला सुरकुत्या पडून त्या त्वचेला घासतात, आणि उभे राहिल्यावर पॅड मागे लोंबत असल्याने ती शॉर्ट्स उलट अधिक नजरेत भरते. लहान मापाची शॉर्ट्स तर ताणून इतकी पातळ होते की उजेडात आतले दिसू लागते. जे माप अंगाला बरोबर बसते, तेच नीट झाकते. एवढे करूनही ज्यांना चिकटून बसणारे कापड नकोच वाटते, त्यांच्यासाठी वरून घालायच्या कपड्यांचे चांगले पर्याय आहेत आणि त्यांचा तपशील पुढे येईल.

पहिली पायरी : आपली सायकल आणि आपले अंतर पाहावे

दुकानात जाण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. आपण एका वेळी किती वेळ खोगिरावर बसणार आहोत, आणि बसताना किती वाकणार आहोत? कॉलेज रोडवरून भाजी आणायला किंवा सातपूरला कारखान्यात जायला अर्ध्या तासाची सायकल पुरत असेल, तर पॅडची शॉर्ट्स मुळात लागतच नाही. जाड शिवण नसलेली ट्रॅक पँट पुरे. तासाभराच्या पुढे, म्हणजे गिरणारे किंवा त्र्यंबकेश्वरपर्यंतच्या फेरीचा विचार असेल, तेव्हा मात्र पॅड हवे. मिनिटाला साधारण ७० वेळा पायडल फिरते असे धरले, तरी तासाभरात मांडी खोगिराशेजारून ४,२०० वेळा जाते. तेवढ्या वेळा एकाच ठिकाणी एखादी जाड शिवण घासली, तर त्वचा सोलवटणारच.

वाकण्याचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. सरळ हँडलच्या हायब्रिड सायकलवर माणूस बऱ्यापैकी ताठ बसतो आणि शरीराचा भार मागच्या बाजूला, बैठकीच्या दोन हाडांवर येतो. अशांना मागे रुंद असलेले पॅड लागते. खाली वळलेल्या हँडलच्या रोड बाइकवर कंबरेतून पुढे झुकावे लागते, भार थोडा पुढे सरकतो, आणि पॅडचा पुढचा भाग तिथे कामाला येतो. त्यामुळे मित्राच्या रोड बाइकवर उत्तम वाटलेली शॉर्ट्स आपल्या हायब्रिडवर तशीच सुखाची वाटेल, असे गृहीत धरू नये.

दुसरी पायरी : प्रकार ठरवावा

बाजारात मुख्यतः चार प्रकार मिळतात. पहिला प्रकार कमरेला इलॅस्टिक असलेल्या साध्या शॉर्ट्सचा. घालायला-काढायला सोपा आणि नवख्या माणसाला पुरेसा. दुसरा बिब शॉर्ट्सचा, ज्यात कमरेचा पट्टा नसून खांद्यावरून जाणाऱ्या पट्ट्या असतात. बिब पाहताच अनेकांना तो शर्यतीतल्या लोकांचा पोशाख वाटतो, पण सभ्य दिसण्याच्या दृष्टीने त्याचा एक मोठा फायदा आहे: वाकल्यावर जर्सी वर सरकली तरी पाठीचा खालचा भाग उघडा पडत नाही, कारण कापड पाठीवर बरेच वरपर्यंत येते. पोटावर नेफ्याचा काच बसत नाही, म्हणून ज्यांचे पोट थोडे सुटलेले आहे त्यांना तो विशेष मानवतो. अडचण आहे ती लघुशंकेच्या वेळी, आणि ती स्त्रियांना अधिक जाणवते. मागचा भाग खाली ओढता येईल किंवा पट्टीची चाप सोडता येईल अशा स्त्रियांच्या बिब मिळतात. तशी न मिळाल्यास साधी, उंच नेफ्याची शॉर्ट्स घेणे शहाणपणाचे.

तिसरा प्रकार पॅड असलेली थ्री-फोर्थ किंवा पूर्ण लांबीची टाइट्स. गुडघा झाकलेला हवा असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी, आणि डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली उतरलेल्या सकाळी सर्वांसाठीच, हा प्रकार उपयोगी आहे. चौथा प्रकार लायनरचा. लायनर म्हणजे पॅड शिवलेले पातळ, जाळीदार आतले वस्त्र. ते दुसऱ्या कपड्याखाली घालण्यासाठीच बनवलेले असते. त्याचे कापड आरपार दिसणारे असल्याने ते एकटे घालून कधीही बाहेर पडू नये. स्वस्त मिळाली म्हणून लायनरच शॉर्ट्स समजून आणल्याची उदाहरणे आहेत, तेव्हा घेताना विक्रेत्याला स्पष्ट विचारावे.

माझे मत विचाराल तर संकोच वाटणाऱ्या नवख्या माणसाने लायनर आणि वरून सैलसर शॉर्ट्स या जोडीने सुरुवात करावी. सवय झाली, अंतर वाढले की पुढचा निर्णय आपोआप होतो. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी, म्हणजे ठरावीक मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या फेरीसाठी, साडेतेरा तासांची मुदत असते. इतका वेळ खोगिरावर काढायचा असेल, तर मात्र एकावर एक दोन कपड्यांपेक्षा एकच चांगली बिब अधिक सुखाची ठरते.

तिसरी पायरी : माप घ्यावे

शिंप्याची टेप घेऊन तीन मापे घ्यावीत: नेफा जिथे बसणार तिथली कंबर, नितंबांचा सर्वांत रुंद घेर, आणि मांडीचा वरचा घेर. रोजच्या पँटचे चौतीस किंवा छत्तीस हे माप येथे फारसे उपयोगी पडत नाही, कारण ताणल्या जाणाऱ्या कापडाचे माप प्रत्येक कंपनी आपल्या तक्त्याप्रमाणे ठरवते आणि एकीचा ‘एल’ दुसरीचा ‘एम’ असू शकतो. कंबर आणि नितंब दोन वेगवेगळ्या मापांत पडत असतील, तर नितंबांच्या मापाला प्राधान्य द्यावे. पॅड जागेवर धरून ठेवण्याचे काम तिथले कापड करते. बिबसाठी उंचीही पाहावी लागते, कारण धड लांब असेल तर पट्ट्या खांद्यावर ओढतात.

लांबीकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात, आणि सभ्य दिसण्याचा निम्मा प्रश्न तिथेच असतो. उभे असताना मांडीच्या मध्यावर येणारी शॉर्ट्स पायडल मारताना आणखी वर चढते. आतल्या शिवणीची लांबी टेपने मोजून पाहावी आणि काठ गुडघ्याच्या चार-पाच बोटे वर येईल अशी शॉर्ट्स निवडावी. ती अधिक झाकते, आणि मांडीची आतली बाजू खोगिराच्या कडेला उघडी राहत नसल्याने कमी घासते.

चौथी पायरी : पॅड हाताने आणि डोळ्यांनी तपासावे

पॅड जितके जाड तितके चांगले, हा समज दुकानांत सर्रास ऐकू येतो. वस्तुतः जाडीपेक्षा फोमची घनता आणि पॅडचा आकार महत्त्वाचा असतो. अंगठ्याने पॅडचा मागचा भाग जोरात दाबून पाहावा. अंगठा लगेच तळाला टेकला, तर तो फोम तासाभरात चपटा होईल. दाबताना विरोध जाणवला आणि सोडल्यावर तो हळूहळू मूळ आकारात आला, तर ते लांबच्या अंतराचे पॅड आहे. मऊ जाड पॅड पहिल्या दहा मिनिटांत सुखद वाटते, पण नंतर हाडे त्यात रुततात आणि मधला मऊ भाग वर येऊन नाजूक जागी दाब देतो. जांघेत बधिरपणा येण्याचे ते एक कारण असते. जेलच्या पॅडबद्दलही हेच म्हणता येईल. शिवाय जेलमधून हवा खेळत नाही, आणि एप्रिल-मेच्या उन्हात ते तापते.

पॅड कडेला पातळ होत गेलेले असावे. एकाच जाडीचे कापलेले आणि सरळ शिवलेले पॅड असेल, तर त्याची कडा मांडीच्या सांध्यात टोचते आणि बाहेरून त्याची रेघही उमटते. पॅडचा वरचा पृष्ठभाग एकसंध असावा; मधोमध शिवण असलेले पॅड घेऊ नये.

बैठकीच्या हाडांमधील अंतर मोजण्याची एक साधी रीत आहे. कठीण स्टुलावर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवून त्यावर ताठ बसावे, टाचा थोड्या उचलाव्यात, मिनिटभराने उठावे. पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यांमधले अंतर मोजावे. बहुतेकांचे ते १० ते १५ सेंटिमीटरच्या दरम्यान येते. पॅडचा मागचा जाड भाग या दोन्ही बिंदूंना पुरून कडेला थोडा उरला पाहिजे. स्त्रियांमध्ये हे अंतर सरासरीने जास्त असते आणि पॅडचा पुढचा भाग वेगळ्या आकाराचा लागतो, म्हणून पतीची किंवा भावाची शॉर्ट्स वापरून पाहणे हा खरा अनुभव नव्हे. स्त्रियांसाठी बनवलेलीच घ्यावी. पुरुषांची लहान मापाची शॉर्ट्स तिची जागा घेऊ शकत नाही.

पाचवी पायरी : कापड, शिवण आणि रंग

कापड नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे असून त्यात स्पँडेक्सचे, म्हणजे लोक ज्याला लायक्रा म्हणतात त्या धाग्याचे, मिश्रण असते. सुती कापड येथे चालत नाही. ते घाम धरून ठेवते आणि ओले सुती कापड त्वचेला कोरड्यापेक्षा कितीतरी जास्त घासते. शिवण आतून बोटाने चाचपून पाहावी. दोन्ही कापडांच्या कडा एकाच पातळीत जोडलेली सपाट शिवण हवी. उभी राहिलेली, जाड शिवण मांडीच्या आत असेल तर ती शॉर्ट्स तिथेच ठेवून द्यावी.

आता पारदर्शकतेची चाचणी, जी मी प्रत्येकाला करायला सांगेन. शॉर्ट्सच्या मागच्या भागात, पॅडच्या वर, हात घालून बोटे फाकवावीत, कापड अंगावर ताणले जाईल तेवढे ताणावे आणि दुकानाच्या दाराशी उन्हात धरावे. हाताची त्वचा किंवा अंगठी दिसली, तर वाकल्यावर मागून चालणाऱ्या सायकलस्वाराला तेवढेच दिसणार आहे. ही चाचणी ट्यूबलाइटखाली करून उपयोग नाही.

रंगांत काळा सर्वांत निर्धोक, त्याखालोखाल गडद निळा. राखाडी आणि फिके रंग कोरडे असताना चांगले दिसतात, पण घामाचे ओले डाग त्यांवर लगेच उमटतात आणि पावसात ते पारदर्शक होतात. चकचकीत कापडावर प्रत्येक उंचवटा उजेडात उठून दिसतो; मंद, बिनचमकीचे कापड तोच आकार झाकून टाकते. पुरुषांना पुढच्या बाजूचा जो संकोच वाटतो, त्यावर गडद, बिनचमकीचे कापड आणि नीट घडवलेला पॅडचा पुढचा भाग हे दोन उपाय बहुधा पुरतात.

सहावी पायरी : घालून पाहणे

येथे घाई करू नये. स्वच्छतेसाठी दुकानात पातळ अंतर्वस्त्रावरूनच शॉर्ट्स घालून पाहावी, आणि बदलून मिळण्याचा नियम आधी विचारावा, कारण आतल्या कपड्यांप्रमाणे ही वस्तूही अनेक ठिकाणी परत घेत नाहीत. ऑनलाइन मागवली तरी हाच प्रश्न येतो. म्हणून पहिली शॉर्ट्स तरी शक्यतो दुकानातूनच घ्यावी.

घातल्यावर आरशासमोर ताठ उभे राहून निर्णय देऊ नये. सायकलिंगची शॉर्ट्स वाकलेल्या शरीरासाठी कापलेली असते. उभे असताना ती पुढून थोडी ओढल्यासारखी आणि पॅड थोडे बोजड वाटणे स्वाभाविक आहे. बिबच्या पट्ट्याही ताठ उभे राहिल्यावर खांद्यावर आवळतात आणि वाकल्यावर सैल होतात. म्हणून हँडल धरल्यासारखे हात पुढे करून कंबरेतून वाकावे, एक पाय स्टुलावर ठेवावा, मग दुसरा. दुकानात ट्रायलसाठी उभी केलेली सायकल असेल तर, “दादा, दोन मिनिटे हिच्यावर बसून पाहू का?” असे विनासंकोच विचारावे, नाही म्हणणारा दुकानदार विरळा.

या स्थितीत काही गोष्टी पाहायच्या असतात. पॅड शरीराला सर्वत्र टेकलेले असावे, खाली पोकळी नसावी. मांडीवर किंवा नितंबाखाली कापडाची घडी चिमटीत सहज येत असेल, तर माप मोठे आहे. मांडीच्या काठाला, म्हणजे सिलिकॉनची पट्टी असलेल्या ग्रिपरपाशी, फुगवटा येऊन मांस वर दाबले जात असेल, तर एक तर माप लहान आहे किंवा काठ अरुंद आहे. रुंद काठाची शॉर्ट्स मागावी. पाठीमागे नेफा खाली सरकून कंबर उघडी पडते का, हे सोबत आलेल्या माणसाला पाहायला सांगावे. मैत्रीण, बहीण, पती, पत्नी, जो स्पष्ट सांगेल असा कोणीही चालेल. मागून फोटो काढून घेणे हा त्याहून चांगला उपाय, कारण आपल्या डोळ्यांनी पाहिल्यावर शंका उरत नाही.

दोन मापांच्या मध्ये पडत असाल आणि लहान मापात काच, पारदर्शकता किंवा काठाशी फुगवटा नसेल, तर लहान घ्यावे. हे कापड काही धुण्यांनंतर थोडे सैलावते.

आणि या शॉर्ट्सखाली अंतर्वस्त्र घालायचे नसते. नवख्यांना हे ऐकून धक्का बसतो, तरी नियमामागचे कारण सरळ आहे: पॅड त्वचेला लागून राहावे अशाच रीतीने ते बनवलेले असते, आणि मध्ये सुती चड्डी आली की तिच्या शिवणी नेमक्या नको त्या जागी घासतात व घाम तिथेच साठतो. मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रियांनी मेन्स्ट्रुअल कप वापरला तर या नियमात अडचण येत नाही. कप वापरत नसाल, तर शिवण नसलेली पातळ निकर आणि अगदी पातळ सॅनिटरी पॅड चालवून घ्यावे, अंतर कमी ठेवावे आणि शॉर्ट्स काळीच असावी.

सातवी पायरी : वरून काय घालावे

ज्यांना चिकटून बसणारे कापड चारचौघांत नको वाटते, त्यांनी त्याबद्दल मनात कमीपणा बाळगण्याचे कारण नाही. गटातले इतर काय घालतात यावर आपली सोय ठरत नसते. फेरी संपल्यावर मिसळीच्या ठिकाणी रांगेत उभे राहावे लागते, त्र्यंबकेश्वराला गेलो तर दर्शन घ्यावेसे वाटते, परतताना सासरेबुवांसाठी दूध घेऊन घरात शिरायचे असते. या सर्व जागी मनमोकळेपणाने वावरता येणे हाही कपड्याच्या सोयीचाच भाग आहे.

सर्वांत सोयीची म्हणजे माउंटन बाइकसाठी मिळणारी सैलसर बॅगी शॉर्ट्स. ती घेताना आसनाकडे, म्हणजे दोन्ही पाय जिथे जोडलेले असतात त्या भागाकडे, नीट पाहावे. साध्या बर्म्युडाच्या आसनात चार शिवणी एका बिंदूवर येतात आणि तो गठ्ठा नेमका खोगिरावर टेकतो. सायकलच्या बॅगी शॉर्ट्समध्ये तिथे वेगळा तुकडा बसवून शिवणी बाजूला नेलेल्या असतात. आसन फार लोंबते नसावे. उभे राहून पायडल मारल्यानंतर परत बसताना लोंबते कापड खोगिराच्या पुढच्या टोकात अडकते आणि तोल जातो. हा धोका खरा आहे. लांबी गुडघ्याच्या किंचित वर असावी, घेर इतका की गुडघा उचलताना कापड ताणले जाऊ नये, आणि आत आणखी एक जाळीची चड्डी शिवलेली नसावी. तयार मिळाली नाही, तर आपल्या शिंप्याकडून ड्रायफिट कापडाची शिवून घेता येते. आसनात चौकोनी कळी बसवायला आणि आतील शिवण सपाट ठेवायला त्याला आवर्जून सांगावे. कळीची सलवार शिवणाऱ्या कारागिराला हे काम नवे नसते.

लायनरवर साधी ट्रॅक पँटही चालते. मात्र साखळी उजव्या बाजूला असल्याने उजव्या पायाची मोहरी चापेने किंवा रुंद इलॅस्टिकने घोट्यापाशी आवळावी, नाहीतर ती दात्यांत जाते. स्त्रियांना पॅड असलेल्या थ्री-फोर्थवर मांडीच्या मध्यापर्यंत येणारा, दोन्ही बाजूंना चिरा असलेला आखूड कुर्ता किंवा लांब टी-शर्ट हा पोशाख सुटसुटीत पडतो. चिरा नसतील तर कुर्ता खोगिराखाली अडकून ओढला जातो, आणि गुडघ्याखालपर्यंत आला तर मागच्या चाकात जाण्याची भीती असते. ओढणी घेऊन सायकल चालवू नये. ओढणी चाकात गुंतून गळ्याला फास बसू शकतो, त्यामुळे येथे तडजोड करायची नाही. डोके किंवा गळा झाकायचाच असेल, तर हेल्मेटखाली बसणारा नळीसारखा शिवलेला बफ वापरावा.

देवदर्शनासाठी किंवा नातेवाइकांकडे जाताना पातळ, घडी करून खोगिराखालच्या पिशवीत मावणारा पायजमा सोबत ठेवावा. शॉर्ट्सवरून तो चढवायला अर्धा मिनिट लागतो. पंढरपूरच्या वारीसारख्या सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या प्रवासात, जिथे मुक्कामाला वडीलधारी मंडळीही भोवती असतात, तिथे तर हा पायजमा सामानाच्या यादीत हवाच.

पहिल्या फेऱ्या आणि पावसाळा

नवी शॉर्ट्स घालून पहिल्याच दिवशी वणीकडे निघू नये. आधी घरापासून सोमेश्वरपर्यंतची छोटी फेरी करावी आणि घरी आल्यावर त्वचा कुठे लाल झाली आहे ते पाहावे. दोन्ही बाजूंना बैठकीच्या हाडांवर हलका ठणका असेल, तर तो सवयीचा भाग आहे आणि काही फेऱ्यांत जातो. एकाच बाजूला घासले असेल, तर बहुधा खोगीर उंच आहे आणि कंबर पायडलच्या प्रत्येक फेऱ्यागणिक डावी-उजवी हलते आहे. कितीही चांगली शॉर्ट्स हा दोष झाकू शकत नाही, खोगीरच खाली घ्यावे लागते. बधिरपणा येत असेल तर दर दहा-पंधरा मिनिटांनी काही क्षण उभे राहून पायडल मारावे, खोगिराचे टोक वर उचललेले नाही ना ते पाहावे, आणि तरीही तो टिकला तर डॉक्टरांना दाखवावे. नांदुरीहून सप्तशृंगगडाच्या चढासारख्या ठिकाणी माणूस संथ गतीने बराच वेळ मागे टेकून बसतो, त्यामुळे अशा वाटेवर जाण्यापूर्वी शॉर्ट्सची सपाट रस्त्यावर पुरेशी परीक्षा झालेली असावी.

दोन तासांच्या पुढच्या फेरीसाठी जांघेत आणि पॅडवर घर्षण कमी करणारे क्रीम लावावे. सायकलिंगसाठीचे क्रीम पाण्याने धुऊन निघते. व्हॅसलीनसारखे चिकट पदार्थ पॅडमध्ये मुरून बसतात आणि हवा खेळू देत नाहीत.

त्र्यंबकच्या बाजूचा पाऊस सर्वांना माहीतच आहे. जाड पॅड त्यात स्पंजासारखे पाणी धरते आणि मग तासन्‌तास ओल्या कापडावर बसावे लागते. म्हणून पावसाळ्यासाठी पातळ पण घट्ट फोमचे, लवकर वाळणारे पॅड निवडावे, आणि फेरी संपताच ओली शॉर्ट्स आधी बदलावी; चहा, गप्पा, फोटो नंतर. ओलसर शॉर्ट्समध्ये तासभर बसल्याने जांघेत बुरशी धरते, केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात आणि त्या खोगिरावर घासून गळवे होतात. मधुमेह असलेल्यांनी अशी लहानशी जखमही अंगावर काढू नये. ती बरी होईपर्यंत सायकल बंद ठेवून डॉक्टरांकडे जावे.

धुणे, वाळवणे आणि टाकून देणे

प्रत्येक फेरीनंतर शॉर्ट्स धुवायचीच असते. न धुता दुसऱ्यांदा घालू नये. म्हणूनच आठवड्यात तीन-चार दिवस सायकल चालवणाऱ्याने दोन शॉर्ट्स ठेवाव्यात, आणि पैसे मर्यादित असतील तर आधी एक चांगली घेऊन दुसरी काही महिन्यांनी घ्यावी, पण दोन्ही स्वस्तातल्या घेऊ नयेत. धुताना ती उलटी करावी, थंड पाणी आणि सौम्य साबण वापरावा, कापड मऊ करणारे कंडिशनर घालू नये, कारण त्याचा थर पॅडच्या छिद्रांवर बसतो. ब्रशने घासू नये, पिळू नये. टॉवेलात गुंडाळून दाबले की बरेच पाणी निघते. वाळवताना सावलीत, पॅडची बाजू वर करून टांगावी. कडक ऊन आणि इस्त्री दोन्ही लायक्राचा ताण मारतात.

काठ मांडीवरून वर सरकू लागला, पॅड दाबल्यावर उठेनासे झाले, किंवा मागचे कापड उन्हात धरल्यावर जाळीसारखे दिसू लागले, की त्या शॉर्ट्सचा काळ संपला असे समजावे. शेवटचा बदल घालणाऱ्याला स्वतःला दिसत नाही, त्यामुळे पाचव्या पायरीतली हात घालून उजेडात धरण्याची चाचणी दर काही महिन्यांनी पुन्हा करावी. पॅड अजून चांगले असेल आणि केवळ कापड विरले असेल, तर ती शॉर्ट्स लायनर म्हणून ट्रॅक पँटखाली आणखी काही दिवस वापरता येते. पॅडच गेले असेल तर ती टाकून द्यावी.